कंपनीचा हात

गाडीचं सर्व्हिसिंग शोरूममध्येच करायचं, यावर काका अडून बसलेले. "दुप्पट पैसे ओतण्यापेक्षा नाक्यावरच्या गॅरेजात द्या की," म्हणून काकूंचा घसा दर वर्षी कोरडा पडायचा. यंदा त्यांनी पैजच लावली. "इतकी वर्षं गाडी शोरूमवाल्यांच्या हातात आहे ना? मग आज एक जरी बिघाड निघाला, तर पुढच्या वर्षीपासून ती नाक्यावर!"

संध्याकाळी काका मिशीतल्या मिशीत हसत घरात शिरले. "एकही बिघाड नाही! मॅनेजर म्हणाला, एवढी जुनी गाडी अशी ठणठणीत पाहिलीच नाही. याला म्हणतात कंपनीचा हात!"

काकूंचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात नाक्यावरचा मेकॅनिक दारात उभा राहिला. "काका, काल चष्मा गॅरेजातच विसरलात."

"काल हे तुझ्याकडे कशाला आले होते रे?" काकूंनी विचारलं.



"अहो काकू, शोरूमला न्यायच्या आधी गाडी दर वर्षी माझ्याकडेच असते. काका म्हणतात, एवढ्या मोठ्या ठिकाणी नादुरुस्त गाडी घेऊन जायचं, बरं दिसत नाही!"