पाच नंबरची तार

“तारांवर नंबर टाकलेत. डोकं चालवू नकोस पोरी, नंबर बघ आणि जोड.” दवाखान्यात जाताना बाबा नोरिएला एवढंच म्हणाले होते. हाताने उभी केलेली ही गाडी त्यांनी तिच्या नावावर केली होती, आणि ऑपरेशनला नेण्याआधी दवाखान्याच्या खिडकीखाली गाडीचा आवाज ऐकवण्याचा शब्द तिच्याकडून घेतला होता.

ऑपरेशन संध्याकाळी होतं. नवा कॉम्प्युटर लावलेलं इंजिन मात्र सकाळपासून तीनच सिलिंडरवर अडखळत होतं. सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या चौथ्या इंजेक्टरची तारच सापडेना. तीन नंबरनंतर एकदम पाच नंबरची तार होती. चार इंजेक्टरना पाचवी कशाला, जादाची असेल, म्हणून तिने ती टेप लावून बाजूला सारली होती.

शेवटी जमत नाही हे सांगायलाच ती ताकासाकी शहरातल्या दवाखान्यात गेली. आईने तिच्या हातातली पिशवी उघडली आणि दबक्या आवाजात रागावली, “चार संत्री? चार आणि मरण, आपल्या जपानीत उच्चार एकच. आजारी माणसाला कुणी मरणाचा आकडा आणतं का? एक काढ आधी.”

“तुझ्या आईचं शुभ-अशुभ इंजिनाला कळत नाही म्हणून बरंय,” बाबा पलंगावरून म्हणाले. “गाडी कुठवर आली?”

नोरिएला टेप लावून बाजूला सारलेली पाच नंबरची तार आठवली. ज्या गाडीत लेक बसणार, तिच्या तारांवर या माणसाने चारचा आकडा लिहिलाच नव्हता.

 

“आणतेच, बाबा,” म्हणत पिशवीतलं एक संत्रं खिशात टाकून ती आल्या पावली निघाली.