उठल्यावरची नजर

दुपारच्या शांततेत खुर्ची करकरली. चार वर्षांची लेक जेवून उठली होती.

तिच्या आधीचं बाळ पोटातच गेलं, आणि मग गर्भाशयातल्या गुंतलेल्या रक्तवाहिन्यांनी आईचा जीव टांगणीला लावला. बसल्या जागी अचानक रक्त वाहायचं. डॉक्टरांनी मांडीतून बारीक नळी घालून त्या वाहिन्या बंद केल्या, पिशवी वाचवली. म्हणून तर ही झाली. "आता विसरा सगळं," डॉक्टर म्हणाले होते. विसरले बाई, असं आई सगळ्यांना सांगायची.

लेकीनं मागे वळून रिकामी खुर्ची नीट न्याहाळली.

"काय सांडलंस गं, ठमाबाई?"

"काही नाही. तू रोज बघतेस ना, तसं बघितलं."

आई ताटं उचलायला लागली. लेक तिच्या मागे मागे आली.

"आई, उठल्यावर आपण काय शोधतो गं?"