पाहुणचाराचा नियम

"पाहुणी म्हणून आलीयास, पाहुणीसारखी ऱ्हा. हितल्या शाळंत नाव घालायचं न्हाई. शिकायचं आसंल तर आपल्या घरी जा."

घोटावड्याच्या मामीचे हे बोल सायलीला ओवीसारखे पाठ होते. त्यापायी मामीकडं काढलेली तिची दोन वर्षं गावच्या माळावर गुरांमागं गेली होती.

पुढं शिकून ती हिंजवडीच्या एका कचेरीत परदेशी व्हिसाचे अर्ज भरून देऊ लागली. एक दिवस मामी तिथं पेढे घेऊन आली. "माझ्या शंभूला लंडनचा फिरायचा व्हिसा मिळाला. तितं पोचला की कॉलेजात नाव घालतोय. तुझी गरज न्हाई पडली बघ." सायलीनं पेढा तोंडात टाकला आणि तोंड मिटून घेतलं.

दोन महिन्यांनी मामीचा रडवेला फोन आला. "सायले, फिरायच्या व्हिसावर कॉलेजात घेत न्हाईत, आन तितं ऱ्हाऊन त्यो बदलून बी देत न्हाईत. तुला हे ठावं न्हवतं का गं?"



"ठावं होतं मामी, पेढा खाताना बी. पाहुणा म्हणून गेलाय, पाहुण्यासारखा ऱ्हाऊ दे. शिकायचं आसंल तर आपल्या घरी ये म्हणावं."