तिसरा ढीग

पृथ्वीच्या चुंबकत्वातले बारीक, भराभर होणारे चढउतार यंत्र कागदी पट्टीवर काढतं. मी पट्ट्या निवडते. नियमित एका ढिगात, अनियमित दुसऱ्यात. तिसरा ढीग लोखंडाचा. कुणी नुसत्या किल्ल्या घेऊन जवळून गेलं तरी रेघ उसळते.

आज एक उसळी मोठी, एक छोटी. पुन्हा मोठी, पुन्हा छोटी. हे लंगडणं मी ओळखते. बाबांच्या पायात पोलादी सळई आहे.

मी घरी फोन लावला. "बाबा, तुम्ही इकडे आलात?"

"काहीतरीच काय! खुर्चीत बसलोय. पण अगं, पाय सकाळपासून कसा हलका झालाय. सळई आहे की नाही, कळतसुद्धा नाही."

मी दार उघडून पाहिलं. वाटेवर कुणी नव्हतं.

पट्टीवरच्या उसळ्या मात्र मोठ्या होत चालल्या होत्या.