सून हुशार न्हाई

"भाकरी कच्ची आहे," असं म्हणून अंकिताने ताट पुढे सारलं. गिरजाने, तिच्या सासूने, दुसरी वाढली.

आठवडाभर हेच चाललं होतं. अंकिता बेळगावच्या कॉलेजात मराठी शिकवायची. लग्नानंतर पहिल्यांदाच ती कर्नाटकातल्या जोयड्याच्या रानातल्या सासरी आली, तीही जीपमध्ये वळणावळणाला ओकत. आल्या आल्या आडवी झाली, तेवढ्यात सासूचा फोनवरचा आवाज कानावर पडला. सासू बहिणीला सांगत होती, "सून हुशार न्हाई गे आमची."

अंगठेबहाद्दर बाईने हे म्हणावं! त्या दिवसापासून अंकिताला त्या घरातलं काहीच गोड लागेना. भात जाडा, बोली गावंढळ, माणसं रानटी. शेवटी तिने नवऱ्याला बजावलं, "विनोद, उद्या निघायचं. आणि ह्या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही." एकुलत्या एका लेकाने खाली मान घालून बॅगा भरल्या.

सकाळी अंकिताला ताप भरला. विनोदने तिला जोयड्याच्या दवाखान्यात नेलं.

नर्सने विचारलं, "काय बाई, हुशार न्हाई व्हय?"

"तोंड सांभाळून बोला! एम.ए. आहे मी."

नर्सला हसू आवरेना. "अवो, बरं न्हाई काय म्हणून इचारलं! कन्नडात हुशार म्हंजे तब्येतीनं बरा."

अंकिताच्या डोक्यात आता कुठे प्रकाश पडला. मूळ शब्द फारसी, होशियार. होश म्हणजे शुद्ध. तो शुद्धीवरचा माणूस हिंदीत सावध झाला, मराठीत बुद्धिमान झाला आणि कन्नडात जाऊन धडधाकट झाला. मराठीच्या बाईंना हे सुचू नये? सासू बिचारी तिच्या ओकाऱ्यांची काळजी करत होती!

घरी येताच तिने विनोदला बॅगा उघडायला लावल्या आणि सासूचे पाय धरले.

"आई, माफ करा. त्या दिवशी फोनवर तुम्ही माझ्या तब्येतीचं सांगत होता. कन्नडातलं 'हुशार' मला कळलंच नाही. मी मनात भलतंच धरून बसले."

गिरजाने तिला उठवलं. कपाळाला हात लावून बघितला.

"ताप हाय अजून. पड जरा," ती मायेने म्हणाली. "आन कन्नड कुठलं, पोरी? मराठीतच म्हटलेलं मी."