सत्तरीतली चौथी

चौथीच्या बाई म्हणाल्या, "समजा, आज आपण सगळे सत्तर वर्षांचे आहोत आणि पृथ्वी एकदम छान झालीय. कशी झाली, ते आठवून सांगा!"

झालं, वर्गात नुसता धुडगूस! खडूच्या भुकटीने केस पांढरे झाले, पट्ट्यांच्या काठ्या झाल्या, सगळ्यांचे गुडघे एकदमच दुखायला लागले.

"नदी मी साफ केली," एक आजोबा खोकत म्हणाले.

"काही नाही हो, तुम्ही नुसते काठावर बसून बिस्किटं खात होतात!" एक आजी कडाडल्या.

आरडाओरडा ऐकून मुख्याध्यापक दारात आले. आजींनी नसलेला चष्मा पुसला.

"अगंबाई! हे सर तर केव्हाच वारले ना?"

"हो ना. फार भला माणूस," आजोबा हळहळले. "पार्किंगसाठी फाटकाजवळचं झाड तोडायला माणसं आली होती, आठवतं? सरांनीच बोलावली आणि ऐनवेळी सरांनीच परत पाठवली. अजून सावली देतंय बघा ते झाड."

बाईंनी जीभ चावली. तेवढ्यात खाली फाटकाजवळ करवत घरघरली.

"अरे थांबा, थांबा!" ओरडत कैलासवासी सरांनी जिन्याकडे धूम ठोकली.