जाड ठशातलं नाव

"नाव जाड ठशात घ्या," चिमाजी म्हणाला. "एसटीत बसलेल्याला दिसलं पाहिजे."

यादवने केस, शिशाच्या खिळ्यांची खणाखणांची पेटी, पुढे ओढली. नाशिकच्या त्या छापखान्यात तो अठरा वर्षं अक्षरांचे खिळे जुळवत होता, आणि जाड ठशाचा संच त्याच्याकडे एकच. अक्षर कसलं, पैलवानच तो! चौकोनी टाचा रोवून उभा. कुस्त्या असोत, लिलाव असो, जाहीर सभा असो, गिऱ्हाईक तेच मागायचं. या अक्षराला हळू बोलता येत नाही. लग्नपत्रिकेत घातलं तर मुलगी द्यायचीय की विकायचीय, तेच कळणार नाही.

"'हरवली आहे' बारीक चालंल. नाव मोठं करा. सुवर्णा."

चिमाजीची लेक. दिंडोरीला दिलेली. पाच दिवसांपूर्वी धुणं घेऊन कालव्यावर गेली ती परतलीच नाही, असं सासरचे सांगत होते. सांगणारी सासू, यशोदाबाई, बाकावर ऐसपैस बसली होती. व्याही एकटा काय छापून घेईल याचा तिला भरवसा नव्हता.

"एवढं मोठं नाव कशाला?" ती म्हणाली. "आमची सून हाय, तमाशातली बाई नाय."

"माझी लेक हाय, इहीणबाई. ती सापडली पाहिजे."

"सापडंल की. रुसून गेलेल्या भूक लागली की येत्यात घरी."

चिमाजीने मान खाली घातली. मुलीकडचा माणूस, बोलणार किती?

यादवने ट्रेडल, पायाने चालवायचं छपाईयंत्र, सुरू केलं. दोनशे कागद निघाले. चिमाजी एकेक ओला कागद दोन बोटांनी धरून दोरीवर टाकत होता, बाळंत्यासारखा. काम संपलं तसा यादवने खिळे आवळून धरलेला फर्मा उघडला, नाव टेबलावर घेतलं आणि त्यातला पहिला खिळा परत केसमध्ये टाकायला हात घातला.

"ते कशाला मोडता?" यशोदाबाई खेकसली. जुळलेलं काम मोडलेलं तिला बघवायचं नाही. "ऱ्हाऊ द्या तसंच. दहाव्याच्या पत्रिकेला परत जुळवत बसाल."

यादवचा हात थांबला.

"कुणाच्या दहाव्याच्या?" चिमाजीने विचारलं.

जिने उभ्या गावाला कधी उत्तर उधार ठेवलं नव्हतं, त्या बाईने पदर तोंडाला लावला.

चिमाजी टेबलापाशी आला. नाव कुणी हलवू नये म्हणून त्याने त्यावर तळहात ठेवला आणि दाबून धरला. उचलला तेव्हा उलट्या खिळ्यांतली सुवर्णा त्याच्या हातावर सरळ उमटली होती. काळी, ओली.

त्याच हाताने त्याने विहिणीचं मनगट धरलं.

"चला," तो म्हणाला. "कुठं हाय ती, दाखवा."